यंत्राचा डोळा येईपर्यंत

ज्यांना डॉक्टरांनी ‘पडदा वाळत चाललाय, इलाज नाही’ असं सांगितलंय, त्यांच्यासाठी मी हे सांगते आहे. धीर द्यायला नाही. धीर देणाऱ्यांनीच माझी आठ वर्षं खाल्ली, आणि त्यातली निम्मी मी माझ्या हाताने वाढून दिली. डोळे जातात तेव्हा काय होतं ते कुणीही सांगेल. डोळे परत येणार म्हणून जे वाट बघत बसतात, त्यांच्या घराचं काय होतं ते ऐका.

माझं नाव शोभा. भिवंडी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स होते. लसीकरण, बाळंतपणं, गरोदर बायांच्या तपासण्या. रोज पाच-सात मैल चालणं व्हायचं. नवरा विलास माझा सख्खा मामेभाऊ. धामणकर नाक्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लहानपणी आम्ही एकमेकांचे केस उपटलेले, त्यामुळे लग्नानंतर लोकांसमोर ‘अहो’ म्हणायला मला फार जड गेलं. इथे मी त्याला विलासच म्हणते. सासू म्हणजे माझी मामी. आणि आमची एक मुलगी, सुजाता.

*

शहाऐंशी साल असावं. दिघाशी गावात एका घराच्या पडवीत लसीकरण चाललं होतं. सिरिंजा उकळून ठेवल्या होत्या, बाया पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी लशीचा डबा घ्यायला डावीकडे वळले आणि पायाखाली काहीतरी मऊ आलं. पोर किंचाळलं. रांगत माझ्या शेजारी आलेलं ते, त्याच्या पंज्यावर माझी चप्पल.

त्याची आई धावली. “बाई, डोलं हायत का नुसत्या खोबण्या? येवढं पोर दिसत न्हाय तुला?”

करंगळी मोडली होती. मीच पट्टी बांधली. पोराच्या आईने हात धरू दिला, पण पूर्ण वेळ माझ्याकडे अशी बघत होती की मी मान वर केली नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. मला ते पोर दिसलंच नव्हतं. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, कडेला मात्र काही नव्हतं. संध्याकाळी मला कमी दिसतं हे मला शाळेपासून माहीत होतं. उपकेंद्रातलं जीवनसत्त्वाचं गोड औषध मी पोरांना पाजायचे आणि बाटली ठेवताना गुपचूप एक चमचा स्वतःही घ्यायचे. दोन वर्षं घेतलं. नर्स असून मी माझ्याच डोळ्यांपासून तोंड लपवत होते.

*

त्यानंतर दोन महिन्यांनी विलास मला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला. डोळ्यांत थेंब घातले आणि बाकावर बसवलं. दुपार झाली तेव्हा नंबर आला.

डॉक्टर तरुण होते. एकदा डोळ्यात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि बाहेर आवाज दिला. विद्यार्थी आत आले. “बघून घ्या, अशी केस रोज येत नाही.” एकेक जण यायचा, हनुवटी वर करायचा, डोळ्यात दिवा मारायचा. मी मोजत होते. अकरा झाले. शेवटची एक मुलगी “सॉरी हां, ताई,” म्हणाली. त्या खोलीत माझ्या डोळ्यांशी सोडून माझ्याशी बोललेली ती एकटीच.

“आईवडील नात्यातले?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो. वडिलांनी मामाची मुलगी केली.”

“आणि तुमचे मिस्टर?”

“माझ्या मामाचा मुलगा.”

त्यांचं पेन थांबलं. “मुलं?”

“एक मुलगी. चार वर्षांची आहे.”

“दुसरं होऊ देऊ नका.”

आजाराचं नाव सांगायच्या आधी त्यांनी मला हे सांगितलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही नर्स आहात, तुमच्यापासून काय लपवायचं? डोळ्याच्या आतला पडदा मरत चाललाय. कडेकडून आत मरत येतो. पाच वर्षं लागतील, दहा लागतील, सांगता येत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. कुणी आहे म्हणालं तर तो तुम्हाला फसवतोय.”

खरं तर त्या माणसाने माझ्यावर उपकार केले होते. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला, कारण आम्ही खुर्चीवरून उठायच्या आत त्याचा चहा आला आणि त्याने तो बशीत ओतला. मीही कितीक बायांना असंच सांगितलं होतं. मूल पोटातच गेलंय, आता कळा काढ. आणि पाच मिनिटांनी तिच्याच घरचा चहा प्यायले होते.

*

घरी आल्यावर मामी पहिलं वाक्य बोलली ते असं: “आमच्या घराण्यात कुणी आंधळं नाही झालं. हे तुझ्या बापाकडचं.”

“मामी, दोन्हीकडचं लागतं. डॉक्टर म्हणाले.”

“डॉक्टरला काय माहीत आमचं घराणं?”

त्याच मामीने पुढच्याच आठवड्यात मला गणेशपुरीला नेलं. आम्ही बौद्ध, नवस-सायास करत नाही, हे तिनेच मला लहानपणी शिकवलेलं. वाटेत एस.टी.त ती आपणहून म्हणाली, “देवाला नाही जात आपण. पाण्यात गंधक असतं, ते औषधी.” गरम कुंडाचं पाणी ओंजळीत घेऊन तिने माझ्या डोळ्यांवर मारलं. डोळे लाल झाले. परतताना ती तोंड फिरवून रडली आणि मला वाटलं, हिला मी कधी ओळखलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तशीच झाली.

विलास रडला नाही. त्याने दुकानातून एक फाईल आणली. आत वर्तमानपत्रांतली कात्रणं होती. परदेशात एका आंधळ्या माणसाच्या मेंदूला तारा जोडल्या आणि त्याला उजेडाचे ठिपके दिसले. बहिऱ्या माणसाच्या कानात यंत्र बसवलं आणि त्याला बोलणं ऐकू आलं.

“कानाचं झालंय,” तो म्हणाला. “मग डोळ्याचं किती दिवस राहणार? शोभा, टीव्हीचा पडदा गेला म्हणून कुणी टीव्ही टाकून देतं का? पिक्चर ट्यूब बदलतात. मागची सर्किटं चांगली असली की झालं. तुझं मागचं सगळं चांगलं आहे. पाच वर्षांत ते यंत्र इथे येणार, लिहून घे.”

त्याचा प्रत्येक शब्द प्रेमाचा होता. म्हणूनच तो मला इतका महाग पडला.

*

एक डोळा आधी गेला. दुसऱ्यात बांगडीएवढी जागा उरली, मग बटणाएवढी. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “बाई, मुंबईला अंधांसाठी प्रशिक्षण असतं. सहा महिने सुट्टी घ्या, शिकून या. टेलिफोनवर बसवायची खटपट मी करतो. नोकरी वाचेल.”

विलास म्हणाला, “एकदा कागदावर ‘अंध’ लागलं की यंत्र बसवायला कुणी हात लावणार नाही. ते म्हणतील, हिला तर सवय झालीय.”

यात काही अर्थ नव्हता. मला तेव्हाही कळत होतं. तरी मी अधिकाऱ्यांना नको म्हटलं, कारण ‘अंध’ हा शब्द मलाही नको होता. मी राजीनामा दिला. विलासने जबरदस्ती केली असं सांगणं मला सोपं जाईल, पण त्या अर्जावरची सही माझी आहे.

विलासच्या दुकानाला लागून शफीभाईंचं टेलिफोन बूथ होतं. इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले. घरचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, पण ते भावांकडे. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचे डोळे गेलेले. नाक्यावरच्या त्या गर्दीत, रिक्षा-टेम्पोंच्या मधून, काठीच्या टकटकीवर ते सरळ चालत यायचे. एकदा मी दुकानात बसले होते, तर ते बूथमधूनच बोलले.

“विलासभाऊ, वहिनींना दोन-चार दिवस माझ्याबरोबर चालू द्या. काठी कशी धरायची ते दाखवतो. थोडं दिसतंय तेव्हाच शिकलं पाहिजे. पूरा अंधेरा झाल्यावर माणूस घाबरतो, मग शिकत नाही.”

सोल्डरिंगची कांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. “शफीभाई, काठी आंधळ्यांना लागते. हिचे डोळे येणार आहेत.”

“इन्शाअल्ला, येऊ देत. तोपर्यंत काय करणार?”

“तोपर्यंत आम्ही आहोत.”

*

‘आम्ही’ म्हणजे सुजाता. सात वर्षांची होती तेव्हापासून ती माझा हात धरून मला संडासात नेऊन सोडायची आणि दाराबाहेर उभी राहायची. मैत्रिणी खेळायला बोलवायच्या तर ती आतल्या मला विचारायची, “झालं का गं?” त्या ‘झालं का गं’मधली घाई मी रोज ऐकायचे.

मामीने मला चुलीपासून, म्हणजे स्टोव्हपासून, बाजूला केलं. एकदा पदर पेटता पेटता वाचला, त्यानंतर. “बसून राहा, तुला काय कमी आहे?” मी बसून राहिले. मी दीडशेच्या वर बाळंतपणं केलेली बाई. मला कांदा चिरू देत नव्हते.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम होते. डाव्या हाताचा कारखाना जवळचा, उजव्या हाताचा जरा लांबचा. त्या खडखडाटावरून मी गल्लीच्या तोंडापर्यंत एकटी जाऊन यायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी तेवढीच एक चोरी होती. मग एका सुट्टीच्या दिवशी लूम बंद होते हे लक्षात न घेता निघाले. सगळीकडे शांत. मला डावं-उजवं राहिलं नाही. उघड्या गटारात मी कमरेपर्यंत गेले. दोन कामगार धावले, “अरे भाभी को पकडो, भाभी को पकडो.” त्यांनी मला बाहेर काढून नळाखाली बसवलं आणि तोंड वळवून उभे राहिले, म्हणजे मला लाज वाटू नये. त्या दोघांची नावंही मला माहीत नाहीत. विलासने घरी आल्यावर मला साबण लावून आंघोळ घातली आणि कडी बाहेरून लावायची असं ठरलं.

लोक विचारतात, शेवटचं काय दिसलं? मला आठवत नाही. सुजाताचा सात-आठ वर्षांचा चेहरा आहे माझ्याकडे. वरचा एक दात पडलेला. तिला नंतर कसा दात आला ते मी बघितलेलं नाही.

*

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला उजवा डोळा पूर्ण गेला होता. डाव्याला खिडकी उघडी आहे की बंद एवढंच कळायचं. त्याच सुमाराला विलासला बातमी लागली की मुंबईच्या एका इस्पितळात परदेशात काम करणारे एक डॉक्टर काही दिवस आले आहेत आणि माझ्यासारख्या रोग्यांना विजेने तपासत आहेत. डोळ्यात बसवायच्या यंत्रावर त्यांचं संशोधन चालू होतं. विलासने दुकान बंद ठेवून चार फेऱ्या मारल्या आणि माझं नाव घालून आला. त्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना जिलेबी आणली.

मला तीन दिवस वॉर्डात ठेवलं. बाकीच्या खाटांवर मोतीबिंदूच्या बाया होत्या. रोज सकाळी राउंडला त्यांच्या पट्ट्या सोडायचे. एकेक खाट पुढे सरकत आवाज यायचा, “दिसतंय का आजी? किती बोटं?” “दोन! दोन! अगं बाई, तुझं कुंकू दिसतंय मला!” वॉर्डभर हसू. मग माझी खाट यायची. “ही रिसर्चची,” कुणीतरी म्हणायचं, आणि पावलं पुढे जायची.

एक आयामावशी होत्या. काम नसताना माझ्या खाटेवर टेकायच्या आणि माझी वेणी घालायच्या. “तुझ्या शेजारची आहे ना, ती शेंबडं नाक पुसते चादरीला,” असं सगळं बारीक सांगायच्या. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी एकदाही ‘होईल सगळं नीट’ असं म्हटलं नाही. फक्त वेणी घट्ट घातली. त्या तीन दिवसांत तेवढंच सुख होतं.

तपासणी अंधाऱ्या खोलीत होती असं विलासने सांगितलं. मला काय फरक पडणार? डोळा बधिर करणारे थेंब घातले, बुबुळावर तार जोडलेली एक टोपी बसवली. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. ते इंग्रजीत बोलायचे, विलास मला सांगायचा. “काही दिसलं की हो म्हण. नाही दिसलं तर गप्प राहा. उगाच हो म्हणू नकोस.”

बराच वेळ काही नाही. डोळ्याच्या मागे मुंग्या चावल्यासारखं होत होतं.

आणि मग दिसलं.

वरच्या बाजूला, जरा उजवीकडे, एक ठिपका. पिवळट पांढरा. कडा थरथरत होत्या. विझला. पुन्हा आला. मी ओरडले, “हो! हो!” मी लहान पोरीसारखी ओरडत होते. विलासने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. डॉक्टर शांतपणे काहीतरी आकडे बोलत होते आणि दुसरं कुणी ते लिहून घेत होतं. सहा-सात वेळा ठिपका आला. मग त्यांनी टोपी काढली, डोळा पुसला, आणि पुन्हा सगळं होतं तसं.

मी विलासला म्हटलं, “त्यांना विचार, यंत्र बसवल्यावर सुजाताचा चेहरा दिसेल का?”

विलासने विचारलं. डॉक्टर बराच वेळ बोलले. हळू, समजावून, न टाळता बोलले. विलासने माझा हात सोडला. मग मला म्हणाला, “दिसेल म्हणतायत. नस जिवंत आहे. यंत्र तयार झालं की पत्र पाठवतील.”

मी नर्सिंग शिकले होते. एवढ्या मोठ्या बोलण्यातलं ‘नो फेसेस’ मला कळलं होतं. ‘ओन्ली डॉट्स’ कळलं होतं. ‘मेनी इयर्स’ कळलं होतं, आणि ‘मेबी नॉट फॉर हर’ हेही.

तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं, आणि मी ते खोटं पदरात बांधून भिवंडीला आले.

*

पत्र येणार म्हणून विलासने पोस्टमनला दिवाळीला मिठाई दिली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेवटी तो स्वतः इस्पितळात जाऊन आला. डॉक्टर केव्हाच परत गेले होते. तिथल्या कुणीतरी वही उघडून दाखवली. माझ्या नावाच्या जागी नंबर होता आणि पुढे आकडे. “तुमच्या मिसेसची आम्हाला फार मदत झाली,” असं तो माणूस म्हणाला. विलासने मला ते वाक्य अभिमानाने सांगितलं.

मी त्या दिवशी त्याच्यावर थुंकले असते. थुंकले नाही. मामीला त्याचं जेवण वाढायला सांगितलं.

*

आंधळ्या बाईला तिच्या मुलीचे डोळे चालले आहेत हे कसं कळतं? कानाने.

सुजाता बारा वर्षांची होती. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ती घरात आली की उंबऱ्याला तिचा अंगठा लागायचा. रोज. ‘आई गं’ नाही, नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज. मग ताटात पोळी चाचपल्याचा आवाज. बोटाचं नख ताटाला लागायचं. पाण्याचा पेला लवंडायचा, मामी ओरडायची, “कुठे लक्ष असतं या पोरीचं?” मला ते सगळे आवाज ओळखीचे होते. ते माझेच आवाज होते.

मी तिला जवळ बोलावलं. समोर बस म्हटलं. माझा हात तिच्या कानाजवळ धरून विचारलं, “माझी किती बोटं आहेत?”

“कुठली बोटं? हात पुढे आण ना.”

हात पुढेच होता. तिच्या गालापासून वीतभर.

विलास दोन दिवस माझ्याशी भांडला. “तुला सगळीकडे तेच दिसतं,” असं म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून दुकानाकडे निघून गेला. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. पुन्हा थेंब, पुन्हा बाक. पुन्हा विद्यार्थी, या वेळी मी मोजले नाहीत, सुजाताने मोजले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “नऊ जण होते, आई.”

एस.टी. स्टँडवर ती पाणी प्यायला गेली. तेवढ्यात विलास माझ्या कानाशी आला. आवाजात दुःख होतं, पण त्याच्या खाली काहीतरी दुसरं होतं. उत्साह होता.

“शोभा, तू घाबरू नकोस. हिचं लवकर कळलंय. हिला अजून दहा वर्षं आहेत. तोपर्यंत यंत्र नक्की येणार. तुझं हुकलं, हिचं नाही हुकणार.”

माझ्या आठ वर्षांचा राग त्या एका क्षणी वर आला. मी त्याला म्हटलं, “विलास, ‘नो फेसेस’ म्हणाले होते ते. मी ऐकलं होतं.”

तो काही बोलला नाही. गाडी लागली. भिवंडीपर्यंत तो मागच्या बाकावर बसून आला.

*

दुसऱ्या दिवशी मी विलासबरोबर दुकानात गेले, दुपारी तो काम करत असताना भिंत चाचपत बूथच्या दारात उभी राहिले आणि मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, “शफीभाई, मला काठी शिकवा. आणि ब्रेल कुठे शिकवतात ते सांगा. मी एकटी नाही, मुलगीही आहे.”

शफीभाईंनी कुणाशी तरी चाललेला फोन खाली ठेवला. “आठ साल लागले, वहिनी,” एवढंच म्हणाले. तो टोमणा होता आणि तो मला मिळायलाच हवा होता.

पस्तिसाव्या वर्षी माझी बोटं जड झालेली. सहा टिंबं एकमेकांत मिसळायची. पण शिकले. पाटीत कागद घालून टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. सुजाताला मी रोज शाळेतून आल्यावर एक तास समोर बसवायचे आणि तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधायचे. तिला अजून दिसत होतं, म्हणून ती डोळ्यांनी टिंबं वाचायची. ते मला नको होतं.

“मला दिसतंय अजून!” ती रडायची.

“म्हणूनच आता शीक.”

“बाबा म्हणतात मला यंत्र बसणार आहे.”

“बाबा खोटं बोलतात.”

“तूच खोटं बोलतेस! तुझे डोळे गेले म्हणून माझेही जावेत असं तुला वाटतं. तुला सोबत हवीय!”

मी तिच्या थोबाडीत मारली. नीट लागली नाही, कानावर बसली. पुन्हा मारली. मामी मधे पडली, “चांडाळणी, पोरीला मारतेस?” विलास तिला दुकानात घेऊन गेला. त्या रात्रीपासून ती मामीजवळ झोपायला लागली.

तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओढणी बांधली. त्यानंतर रोज बांधली. तीन वर्षं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. विलास संध्याकाळी तिला नवी कात्रणं वाचून दाखवायचा आणि ती त्याच्या खुर्चीला टेकून ऐकायची. तो वाचत असताना मधेच ती हसायची, आणि मी आत कान देऊन ते हसू ऐकायचे. घरात दोन पक्ष झाले होते आणि माझ्या पक्षात मी एकटी. विलास वाईट माणूस नाही. माझ्यापुढे तो आता यंत्राचं नाव काढत नाही. पण मुलीला आशा देणारा बाप आणि मुलीला मारणारी आई, यांत कुठली मुलगी आईकडे येईल?

दुपारी मी शफीभाईंच्या बूथवर बसायला लागले. ते जेवून झोपायचे, मी फोन लावून द्यायचे. घरापासून नाक्यापर्यंत काठीने एकटी जायचे. लूम चालू असोत की बंद.

*

सुजाता दहावीला होती. अगदी मधलं तेवढं दिसत होतं, पुस्तकाची ओळ तुकड्या-तुकड्यांनी वाचायची. एके दुपारी मी बूथवरून आले तर घरात कुणी नव्हतं. माझ्या बिछान्यावर उशीपाशी जाड कागद होता. मी हात फिरवला. टोचलेला होता.

तिने मला आपणहून टोचून लिहिलेला तो पहिला कागद. आमच्या तासाला ती फक्त मी सांगेन तेवढं टोचायची, मुद्दाम घाणेरडं, टिंबं गाळून. मी खाली बसले. बोट डावीकडून ठेवलं आणि हळूहळू वाचलं.

“आई, मी आंधळी झाले तरी तुझ्याकडे राहणार नाही. मला तुझ्यासारखं व्हायचं नाही. तू मला कधीच आवडली नाहीस.”

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता मजकूर वाचला. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, आणि या वेळी एकेक अक्षर तपासत गेले, वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं, पूर्णविराम.

एकही टिंब चुकलं नव्हतं.